पर्सनल स्टेटमेंट लिहिताना: जखम की काम?

(महाराष्ट्रातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांसाठी लखनौहून घेतलेल्या ऑनलाइन बैठकीतलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आवाज येतोय ना सगळ्यांना? इथे लखनौत सकाळपासून दोनदा लाइट गेली आहे. मध्येच गायब झाले तर फोनवरून परत येईन, कुणी बैठक सोडून जाऊ नका.

या बैठकीचा निरोप ग्रुपवर गेला तेव्हापासून मला एकच मेसेज येतोय, "ताई, चांगल्या एसओपीचा नमुना पाठवा." मी कुणालाही पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही. राग मानू नका. त्याचं कारण सांगायलाच आज बोलतेय.

मी लातूर जिल्ह्यातली. समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि आता इथे रायबरेली रोडवरच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात पीएच.डी. करतेय. रुग्णालयातलं कंत्राटी काम आणि जात हा माझा विषय आहे. स्ट्रेचर कोण ढकलतं, शवागारात कोण उभं असतं, जमिनीवरचं रक्त कोण पुसतं आणि त्यांना महिन्याच्या शेवटी पैसे कोण देतं, हे विचारत मी हिंडते. रविवारी दुपारी एका वाचनालयात मुलामुलींना अर्ज लिहायला मदत करते. पण तिथल्या गोष्टीआधी माझ्या स्वतःच्या पहिल्या निवेदनाचं सांगते, कारण ते मी वाईट लिहिलं होतं आणि तरीही मला प्रवेश मिळाला होता.

बावीस वर्षांची होते. एका मोठ्या शहरातल्या संस्थेला एम.ए.साठी अर्ज केला. निवेदनाची सुरुवात आईपासून केली. आई एका सरकारी दवाखान्यात बारा वर्षं सफाईचं काम करायची. तिथे तिचा चहाचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या खिडकीत पालथा घातलेला. लहानपणी मी तो पाहिला होता, एकदा धुतलाही होता. तो कप मी पहिल्या परिच्छेदात लिहिला. लिहिताना रडले. मुलाखतीला गेले तर समोरच्या एका बाईंनी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, "व्हेरी मूव्हिंग" म्हणाल्या आणि आणखी दोघांनी माना हलवल्या. मी तयारी करून गेलेल्या विषयावर मला एकही प्रश्न आला नाही. सात-आठ मिनिटांत मी बाहेर आले. यादीत नाव लागलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला ते वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करून. मला वाटलं होतं की कपाचं लिहिलं म्हणून ती चिडेल. ती कपाबद्दल काहीच बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतकंच? मग म्या बारा वर्स काय केलं ते कुठं हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. मग तिनेच सांगायला सुरुवात केली. सलाइनची बाटली संपत आली की ती कशी ओळखायची आणि सिस्टरला कशी हाक मारायची. रात्रपाळीला सिस्टर एकटी असली की हाक मारायच्या आधी नळीवरचं चाक बंद करायची, तेही तिला करू द्यायचं नसताना. जखम चिघळली की तिचा वास बदलतो, तो तिला ड्रेसिंग सोडायच्या आधी कळायचा. जिन्यावरून स्ट्रेचर चढवताना पेशंटच्या डोक्याची बाजू पुढे, म्हणजे वर ठेवायची. नवीन वॉर्डबॉय उलटं न्यायचे, ती त्यांना ओरडायची. बाळंतिणींच्या खोलीत कोणतं बाळ अंगावर पीत नाही हे तिला आधी समजायचं, कारण फरशी पुसताना ती खाली वाकलेली असायची आणि पाळण्याच्या उंचीवरून बघायची. हे सगळं ती एका दमात बोलली. माझ्या निवेदनात या बाईचा एक कप होता, आणि बाई नव्हतीच.

आता लखनौच्या मुलीकडे येते. तिचं नाव सांगणार नाही, तिने तेवढी एकच अट घातली आहे.

तिचे वडील एका मोठ्या रुग्णालयात कंत्राटी वॉर्ड अटेंडंट आहेत. घरात पदवी घेणारी ती पहिली. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं तिने रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून काम केलं. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, बऱ्याचदा बीएएमएस झालेला. उत्तर प्रदेशात तसं नाही. गाडीत एक ईएमटी आणि एक ड्रायव्हर, ज्याला तिथे पायलट म्हणतात. बस्स. रुग्णालय येईपर्यंत जे काही होईल ते या दोघांच्या हातात. तिला ब्रिटनमध्ये पॅरामेडिकचा अभ्यासक्रम करायचा होता. तिथे पॅरामेडिक ही कायद्याने संरक्षित पदवी आहे, नोंदणीशिवाय कुणी स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकत नाही. २०२१ पासून त्या नोंदणीसाठी लागणाऱ्या शिक्षणाची किमान पातळी बी.एस्सी. ऑनर्सची झाली आहे.

तिथे पदवीला यूकॅस या केंद्रीय व्यवस्थेतून अर्ज जातो. पूर्वी चार हजार अक्षरांचं एकसलग निवेदन लिहायचं असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. हा अभ्यासक्रम का करायचा आहे? तुमच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली? आणि शिक्षणाबाहेर काय केलंत, ते कसं उपयोगी आहे? मर्यादा तीच, तिन्ही मिळून चार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून. पण आपल्याला मोठी अडचण पैशांची आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदवीला मिळत नाही, फक्त पदव्युत्तर आणि पीएच.डी.ला मिळते. वर्षाला सगळ्या देशात १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींच्या. आपल्याकडची राजर्षी शाहू शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे. म्हणून तिने नोंदणीपात्र एमएस्सी शोधली. असे अभ्यासक्रम मोजकेच आहेत. तिथे विद्यापीठ स्वतः निवेदन मागतं, पण प्रश्न फिरून फिरून तेच तीन असतात.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे एक मसुदा होता. हजरतगंजातल्या एका कन्सल्टन्सीने पैसे घेऊन लिहून दिलेला. पहिलं वाक्य असं की लहानपणापासूनच मला लोकांचे प्राण वाचवण्याची तीव्र आवड आहे. दुसऱ्या वाक्यात आजोबा होते, हृदयविकाराचा झटका आलेले. मी विचारलं, "आजोबा कशाने गेले?" म्हणाली, "पता नहीं दीदी, मेरे पैदा होने से पहले।"

मला हसू आलं, कारण या आजोबांना मी ओळखत होते. २००७ साली यूकॅसने सुमारे पन्नास हजार निवेदनं एकमेकांशी ताडून पाहिली होती. त्यात २३४ जणांनी एकच प्रसंग लिहिला होता, की आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्यातल्या संचाशी खेळताना माझ्या पायजम्याला भोक पडलं आणि विज्ञानाची गोडी लागली. दोनशे चौतीस पायजमे! आणि त्याच तपासणीत म्हाताऱ्या, आजारी आजोबांची गोष्टही शंभरावर जणांची निघाली होती. ही गोऱ्या, सुखवस्तू घरांतली मुलंही असणार. म्हणजे नमुना उतरवणं हा काही आपला खास दोष नाही. फरक एवढाच की त्यांचं निवेदन नाकारलं गेलं तर घरात दुसरे मार्ग असतात.

म्हणून मी नमुना पाठवत नाही. तो तुमच्याआधी दोनशे जणांकडे पोचलेला असतो.

मग तिने दुसरा मसुदा लिहिला, स्वतः. तो खरा होता आणि वाचवत नव्हता. एप्रिल २०२१, लखनौ, ऑक्सिजनच्या रांगा. वडील रुग्णालयात कामाला आणि घरी ताप. त्यांना मिळालेला मास्क धुऊन धुऊन वापरलेला. काकू गेली. शेवटच्या परिच्छेदात जात आली, आणि मग पुन्हा एकदा आली. वाचून झाल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. मला माझा कप आठवला.

इथे थोडं थांबते, कारण तुमच्यातल्या अनेकांचा दुसरा मसुदा असाच असणार आहे. आणि मी तुम्हाला असं अजिबात सांगणार नाही की जात लपवा, सोसलेलं लपवा. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातल्या एका शिक्षकाची हकिकत आहे. त्याचं पत्र १९२९ च्या डिसेंबरमध्ये 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. बायको बाळंतीण, तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही, यायचं तर हात लावणार नाही. शेवटी त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि तो त्याच वाटेने परत गेला. दिव्याच्या उजेडात बघून डॉक्टरने निदान सांगितलं. नंतर तो पुन्हा आलाच नाही, आणि ती बाई गेली. लक्षात घ्या, यात बाबासाहेब आपल्याला थर्मामीटरचा रस्ता दाखवतात. कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला, फी किती ठरली, कोण कुठे उभं होतं. दुःखाची विशेषणं फार नाहीत. वाचणाऱ्याला सगळी व्यवस्था दिसते.

तिच्या दुसऱ्या मसुद्यात व्यवस्था दिसत नव्हती आणि तीही दिसत नव्हती. काय काय झालं ते होतं, तिने काय केलं ते नव्हतं. प्रवेश समितीतला माणूस हा कागद वाचून हळहळेल. पण त्याला ठरवायचं असतं की पहाटे तीन वाजता अनोळखी घरात घुसून ही मुलगी डोकं शांत ठेवू शकेल का. हळहळीतून त्याला ते ठरवता येत नाही. आणि तो हळहळला म्हणून प्रवेश मिळालाच, तर पुढे वर्षभर त्याची हळहळ सांभाळत बसावं लागतं. हे मी अनुभवाने सांगतेय.

तिसऱ्या वेळी मी तिला लिहायलाच दिलं नाही. म्हटलं, "दोन वर्षांतली एक पाळी सांग. फक्त एक तास."

तिने मलिहाबादच्या बाजूची एक जानेवारीची रात्र सांगितली. धुकं इतकं की पायलट डोकं खिडकीबाहेर काढून गाडी हाकत होता. बाईला कळा सुरू झालेल्या, आणि सोबत गावातली म्हातारी दाई गाडीत चढली. इथे दाई बहुतेक चमार समाजातली असते, जशी आपल्याकडे सुईण अनेक गावांत मांग समाजातली असायची. नाळ कापणं हे विटाळाचं काम, म्हणून ते आपल्या बायकांकडे. रुग्णालय गाठणं जमणार नाही असं दिसल्यावर तिने गाडी बाजूला घ्यायला लावली. बाळ आलं, रडलं नाही. तिने पुसलं, कोरड्या कापडात घेतलं, पाठ चोळली, रडलं. मग वार पडली. ती कागदावर वेळ लिहीत होती तेवढ्यात दाईने वार हातात घेऊन दिव्याखाली उलटीसुलटी केली आणि म्हणाली, पूर्ण नाही, तुकडा आत राहिलाय. प्रशिक्षणात हिला सांगितलं होतं की वार तपासायची असते, पण दाईने जसं बोट फिरवून कड दाखवली तसं कुणी दाखवलं नव्हतं. पोचल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरला तिने पहिलं वाक्य तेच सांगितलं, "वार अपूर्ण आहे, रक्तस्राव सुरू आहे, इतकी मिनिटं झाली." डॉक्टर म्हणाला, तुला काय कळतं. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने पाहिलं.

मी म्हटलं, "हे लिही."

म्हणाली, "इसमें मैंने क्या किया? देखा तो दाई ने।"

पाहा, हा आपल्या लोकांचा स्वभावच झालाय. आता त्या विद्यापीठाच्या बाजूने वाचा. गाडी कधी थांबवायची हा निर्णय तिचा. बाळाला काय केलं ते क्रमाने सांगता येतंय. ज्या म्हातारीकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही तिचं ऐकण्याइतकं ती शिकलेली आहे, आणि ते ऐकलेलं योग्य माणसापर्यंत, तो ऐकत नसताना, पोचवलंय. पॅरामेडिकच्या कामातला सगळ्यात नाजूक क्षण पेशंट रुग्णालयाच्या ताब्यात देतानाचा असतो, 'हँडओव्हर' म्हणतात त्याला. त्यात एक वाक्य राहिलं तर माणूस जातो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही रात्र होती. पहिल्या प्रश्नाचंही तीच होती. 'का करायचं आहे' याला तिने लिहिलं की त्या रात्री दाईला जे माहीत होतं त्याचं कारण मला माहीत नव्हतं, ते शिकायचं आहे. लहानपणापासूनची आवड उडाली. आजोबाही गेले.

आपल्या मुलांकडे 'अनुभव' नसतो असं आपणच म्हणतो. ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात दोन आठवडे बसलं की त्याला 'शॅडोइंग' म्हणतात, त्याचं पत्र मिळतं. बारा वर्षं फरशी पुसताना जे पाहिलं त्याला काहीच म्हणत नाहीत. आजारी माणसाला उचलणं, धुणं, मेल्यावर गुंडाळणं ही कामं या देशात कुणी केली हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. निवेदनात 'केअर एक्सपीरियन्स' लिहायची जागा आली की आपली मुलं ती रिकामी सोडतात किंवा एनएसएसचं रक्तदान शिबिर लिहितात. रक्तदान शिबिर वाईट नाही. पण त्या दिवशी तुम्ही बिस्किटं वाटत होता, हे आपल्यालाही माहीत आहे.

आता एक गोष्ट, जिच्यावर आमचं दोघींचं भांडण झालं. एका गावात पेशंट म्हातारे गृहस्थ होते. मुलाने तिचं नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं. मग पायलटला आत बोलावलं, कारण त्याचं आडनाव चालणारं होतं. तिने बीपीचा पट्टा पायलटच्या हातात दिला, कुठे बांधायचा ते सांगितलं, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून आकडे विचारून लिहून घेतले. ती सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तो काठियावाडचा थर्मामीटर होता. तिथे डॉक्टर पेशंटला शिवत नव्हता, इथे पेशंटचं घर तपासणारीला शिवू देत नव्हतं. मी म्हटलं, "हेही लिही. तपासणी पूर्ण केलीस ना? हेही काम आहे, जखम नाही." तिने नाही म्हटलं. मी समजावलं, पॅरामेडिकच्या अभ्यासात संमती हा मोठा विषय असतो, नकार देणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते तुला येतं. ती म्हणाली, "दीदी, दाई वाली रात वो भूल जाएँगे। यही याद रखेंगे।"

तिने ते लिहिलं नाही. मला आजही वाटतं की लिहायला हवं होतं. पण कागद तिचा आहे, आणि कपाच्या बाबतीत आईने मला विचारलं होतं तेच ती मला दुसऱ्या शब्दांत सांगत होती, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीने मिळतो, तो जोडा, हक्काने जोडा, ते तुमचं संविधानातलं स्थान आहे. निवेदनात जात किती आणायची हे मात्र दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही. मीसुद्धा नाही.

या व्यवसायाचा थोडा इतिहास सांगते, कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो. अमेरिकेत पिट्सबर्ग शहर. १९६० च्या दशकात तिथे आजारी माणसाला रुग्णालयात न्यायला पोलिसांची गाडी यायची किंवा अंत्यविधीवाल्यांची. हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीत तर कधी कधी तीही येत नसे. १९६७ मध्ये पीटर सफार नावाच्या भूलतज्ज्ञाने, ज्यांचं नाव सीपीआरशी जोडलेलं आहे, त्या वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना शिकवून रुग्णवाहिका सुरू केली. फ्रीडम हाउस अ‍ॅम्ब्युलन्स. यातल्या काहींची शाळाही पूर्ण झालेली नव्हती, काही व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते, आणि शहर त्यांना नोकरीला नालायक समजत होतं. अमेरिकेतल्या सगळ्यात पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिक्समध्ये हे होते. जॉन मून हे त्यातले एक. ते आधी एका रुग्णालयात ऑर्डर्ली होते, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्डबॉय. फ्रीडम हाउसची माणसं पेशंटला ज्या अधिकाराने हाताळत होती ते पाहून ते तिकडे गेले. पुढे नॅन्सी कॅरोलाइन या डॉक्टर तिथे आल्या, आणि त्यांनी लिहिलेलं पाठ्यपुस्तक पॅरामेडिकच्या शिक्षणात प्रमाण मानलं गेलं.

आणि मग १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. नव्या सेवेत बहुतेक गोरे होते. जुन्या लोकांना घेतलं, पण नव्या परीक्षा आल्या, नवे वरिष्ठ आले, आणि काही वर्षांत त्यातले बहुतेक जण बाहेर फेकले गेले. जॉन मून टिकले, सहायक प्रमुखपदापर्यंत गेले.

हे मी तुम्हाला का सांगतेय? आपल्याकडे २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा झाला. पॅरामेडिक त्यात व्यवसाय म्हणून आला आहे. अभ्यासक्रम, नोंदणी, पदवी हे सगळं हळूहळू बसत जाईल. चांगलंच आहे, व्हायलाच हवं होतं. पण एखाद्या कामाला प्रतिष्ठा आली की दाराशी कागद मागणारा उभा राहतो, आणि आतापर्यंत ते काम करणारे बाहेर राहतात. आज कंत्राटावर गाडीत बसणाऱ्या ईएमटींचं उद्या काय होणार, हा प्रश्न माझ्या प्रबंधातही अर्धवट आहे. तुम्ही पदवीधर आहात. दाराशी मागितला जाणारा कागद आज तुम्ही लिहू शकता, तुमच्या आई-वडिलांना ती सोय नव्हती.

काही बारीकसारीक. सावित्रीबाईंनी सुरुवात केलेली सहा निवेदनं मी या वर्षी वाचली. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतून पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. हे वाचून माझ्याही अंगावर काटा येतो. पण परदेशातल्या वाचणाऱ्याला सावित्रीबाई कोण हे सांगण्यातच तुमची चारशे अक्षरं जातात, आणि पाठीवर घेतलं ते त्यांनी, तुम्ही नाही. त्यांना मनात ठेवा. पॅरामेडिकसाठी अर्ज करणार असाल तर गाडी चालवायचा परवाना आधी काढा, तिथली बरीच विद्यापीठं विचारतात. आणि निवेदन इंग्रजीत लिहायच्या आधी मराठीत लिहा, घरात ज्या मराठीत बोलता त्याच मराठीत. इंग्रजीत थेट लिहायला बसलं की 'पॅशनेट' हा शब्द आपोआप येतो. तो मराठीत सांगता येत नाही, म्हणूनच मराठीत लिहा.

तिचं काय झालं हे विचारालच. दोन विद्यापीठांनी नाही म्हटलं, एकाने कारणही दिलं नाही. तिसऱ्याने मुलाखत घेतली, तिला वार अपूर्ण असण्याबद्दल पाच मिनिटं विचारलं आणि प्रवेश देऊ केला, आयईएलटीएसच्या गुणांच्या अटीवर. त्या परीक्षेत लेखनात अर्धा गुण कमी पडलाय. ती पुन्हा बसतेय. शिष्यवृत्तीला बिनशर्त प्रवेशपत्र लागतं, त्यामुळे सगळं त्या अर्ध्या गुणाला अडकलंय. परीक्षेचं शुल्क वडिलांनी तीन हप्त्यांत जमवलं. ती अजूनही रात्रपाळी करते, त्यामुळे रविवारी वाचनालयात येते तेव्हा अर्धी झोपेत असते.

आता कॅमेरे बंद करा, हवं तर. वही घ्या. तुमच्या घरात जो कुणी सगळ्यात जास्त काम करतो त्याच्या कामातला एक तास लिहा. मत नको, कौतुक नको, किती सोसलं तेही नको. हात कुठे होते, डोळे कशावर होते, चूक झाली असती तर काय झालं असतं. माहीत नसेल तर आत्ता फोन लावून विचारा. पंधरा मिनिटं देते. ज्यांची आई शेजारच्याच खोलीत आहे त्यांनी उठून जा.